नर की मादी? रेशीमकिड्याचा धडा आणि आपल्या दारातला डास

पावसाच्या चार सरी पडून गेल्या, की ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत दोन गोष्टी ठरलेल्या असतात. सोसायटीच्या गल्लीत धूरफवारणी सुरू होते आणि दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची गर्दी वाढते. देशभर जुलै हा डेंग्यूविरोधी महिना म्हणून पाळला जातो. पत्रके वाटली जातात, घरोघरी पिंपे आणि कुंड्या तपासल्या जातात, कुठे गप्पी मासे सोडले जातात. तरीही पुढच्या पावसाळ्यात डास असतोच. त्याला कायमचा आवर घालण्याचे जे नवे मार्ग जगात आजमावले जात आहेत, त्यांच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे : कीटक नर होतो की मादी, हे कशावरून ठरते? भारतात या प्रश्नावर ज्यांनी मूलभूत काम केले, त्यांनी ते डासावर केले नव्हते. ते केले रेशीमकिड्यावर.

आधी धूरफवारणीचे पाहू. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास गटारात किंवा तलावात वाढत नाही. त्याला साठवलेले स्वच्छ पाणी लागते. पिंप, कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, बांधकामावरची टाकी, टाकून दिलेला टायर या त्याच्या जागा. अंड्यापासून पूर्ण डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि अंडी कोरड्या भांड्याला चिकटून काही महिने तग धरतात. धुराने मरतात ते फक्त त्या वेळी उडणारे डास. पाण्यातल्या अळ्या आणि सुकलेली अंडी तशीच राहतात. म्हणजे गाडी येऊन गेली तरी आठवड्याभरात नवी पिढी तयार.

यावर वेगळा उपाय सुचवला तो अमेरिकेतील कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड निपलिंग यांनी. क्ष-किरणांमुळे फळमाशीत आनुवंशिक बदल होतात, हे हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये दाखवले होते. निपलिंग यांनी त्याचा व्यवहारात उपयोग केला. किरणोत्साराने वंध्य केलेले नर मोठ्या संख्येने सोडायचे. त्यांच्याशी मिलन झालेल्या मादीची अंडी फुकट जातात आणि पिढ्यांमागून पिढ्या संख्या घटत जाते. गुराढोरांच्या जखमांत अळ्या घालणारी स्क्रूवर्म माशी १९५४ मध्ये क्युरासाव बेटावरून याच पद्धतीने हटवली गेली. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही १९७० च्या दशकात नारळावरच्या सोंड्या भुंग्याचे नर वंध्य करण्याचे प्रयोग झाले होते.

या पद्धतीत खरी अडचण येते ती नर आणि मादी वेगळे करताना. डासांमध्ये चावते ती मादीच. म्हणून सोडायचे तर फक्त नर. लाखो कीटकांतून नर निवडायचे कसे?

इथे डॉ. जावरेगौडा नागराजू यांचे काम पाहण्यासारखे आहे. कर्नाटकातून आलेले हे आनुवंशशास्त्रज्ञ आधी बंगळूरुत केंद्रीय रेशीम मंडळाच्या प्रयोगशाळेत होते. पुढे हैदराबादच्या डीएनए फिंगरप्रिंटिंग व डायग्नॉस्टिक्स केंद्रात त्यांनी रेशीम पतंगांच्या जनुकशास्त्राची मोठी प्रयोगशाळा उभी केली. रेशीम उत्पादकाला नर-मादीचा प्रश्न फार जुना. नर किडा तुतीचा पाला कमी खातो आणि त्या मानाने रेशीम जास्त देतो. म्हणून जपानमध्ये अंड्याच्या रंगावरून नर-मादी ओळखता येतील असे वाण तयार झाले, तर सोव्हिएत संघात स्ट्रुन्निकोव्ह यांनी फक्त नरच जगतील अशी वाणे घडवली.

माणसात एक्स आणि वाय गुणसूत्रांची जोडी म्हणजे पुरुष. रेशीमकिड्यात उलटे आहे. दोन झेड गुणसूत्रे असली की नर आणि झेड-डब्ल्यू अशी जोडी असली की मादी. डब्ल्यू गुणसूत्रावर मादीपण ठरवणारे काहीतरी आहे हे १९३३ पासून माहीत होते. ते नेमके काय, हे टोकियो विद्यापीठातील संशोधकांना २०१४ मध्ये सापडले. तो एक अगदी छोटा आरएनए रेणू निघाला. या दीर्घ साखळीतल्या मधल्या दुव्यांवर, विशेषतः 'डबलसेक्स' या जनुकावर, नागराजू आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काम केले. तुतीच्या रेशीमकिड्याबरोबर त्यांनी आसामचा मुगा आणि आपल्या गडचिरोली-भंडाऱ्याकडे होणाऱ्या टसरचा पतंगही तपासला.

रेशीमकिडा हा पतंगवर्गातला कीटक. कपाशीवरची बोंडअळी आणि सफरचंद पोखरणारी अळी याच वर्गातल्या. त्यामुळे एकाचे जनुकशास्त्र कळले की दुसऱ्याचे दार किलकिले होते. २००५ मध्ये नागराजू यांनी चेक आणि अमेरिकी संशोधकांसह एक लेख लिहिला. मादीच्या डब्ल्यू गुणसूत्रावर ठरावीक परिस्थितीतच मारक ठरणारे जनुक बसवता आले, तर माद्या आपोआप गळून फक्त नर उरतील, असा त्यातला विचार होता. रेशीम वाढवण्यासाठी शिकलेली गोष्ट त्यांनी किडीला आवर घालण्याच्या बाजूने मांडली.

हे महाराष्ट्राला किती जवळचे आहे, ते वेगळे सांगायला नको. बीटी कपाशीला न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीने २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातले पीक नासवले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० पेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. उलट अमेरिकेत बीटी कपाशीच्या जोडीला वंध्य पतंग वर्षानुवर्षे सोडले गेले आणि २०१८ मध्ये तिथल्या कापूस पट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचे जाहीर झाले.

मग डासांचे काय? डासात नर ठरवणारे 'निक्स' हे जनुक २०१५ मध्ये सापडले. सिंगापूरमध्ये २०१६ पासून वोल्बाकिया जिवाणू असलेले नर एडिस सोडले जातात. त्यांच्याशी मिलन झालेल्या स्थानिक माद्यांची अंडी उबत नाहीत. इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरात पद्धत वेगळी होती. तिथे वोल्बाकियाचे नर-मादी दोन्ही सोडून तो जिवाणू स्थानिक डासांत पसरवला. हा जिवाणू डासात डेंग्यूचा विषाणू वाढू देत नाही. तिथल्या चाचणीत डेंग्यू ७७ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुद्दुचेरीच्या आयसीएमआर केंद्रानेही वोल्बाकिया असलेले एडिस तयार केल्याचे २०२२ मध्ये सांगितले.

आपल्या राज्यातही एक प्रयोग झाला. २०१७ च्या जानेवारीत जालना जिल्ह्यातील दावलवाडी येथे जनुकबदल केलेल्या एडिस डासांच्या बंदिस्त पिंजऱ्यातील चाचण्या सुरू झाल्या. मोकळ्या हवेत डास सोडण्यापर्यंत ते काम गेले नाही. योगायोग असा, की रेशीम कोषांची राज्यातली पहिली बाजारपेठ पुढच्याच वर्षी त्याच जालन्यात सुरू झाली. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला त्याआधी कोष घेऊन कर्नाटकातल्या रामनगरपर्यंत जावे लागे.

तंत्र आहे म्हणून ते वापरात येतेच असे नाही, याचाही अनुभव आपल्याला आहे. १९७० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर यांचे डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचे केंद्र दिल्लीत चालत होते. सोनीपत येथे डास सोडण्याची तयारी झाली होती. पण यामागे जैविक युद्धाचे संशोधन असल्याचा आरोप झाला, लोकांना आधी विश्वासात घेतलेले नव्हते, आणि १९७५ मध्ये सगळे गुंडाळावे लागले. उद्या ठाण्यात किंवा डोंबिवलीत कोणी 'आम्ही तुमच्या वस्तीत डास सोडणार आहोत' असे म्हणाले, तर रहिवासी प्रश्न विचारणारच, आणि ते विचारलेच पाहिजेत. कोणते डास, किती, मादी त्यात आहे का, देखरेख कोणाची, चुकले तर जबाबदार कोण? याची उत्तरे आधीच मराठीत आणि जाहीरपणे मिळायला हवीत.

डॉ. नागराजू यांचे ३१ डिसेंबर २०१२ रोजी निधन झाले. रेशीमकिड्याला विषाणूजन्य 'ग्रासरी' रोगाविरुद्ध बळ देणारा त्यांच्या गटाचा महत्त्वाचा शोधनिबंध २०१३ मध्ये छापला गेला. रेशीमकिड्यासाठी विकसित केलेली डीएनए-खुणांची तंत्रे त्यांनी अस्सल बासमती ओळखण्यासाठीही वापरली होती. अशा संशोधकाला सुरुवातीलाच 'याचा उपयोग काय?' असे विचारले असते, तर 'रेशीम' एवढेच उत्तर मिळाले असते. उरलेले उपयोग वीस-तीस वर्षांनी दिसले. संशोधनाला निधी देताना हा काळ धरला गेला पाहिजे.

दरम्यान, आपल्या शहरांत यातले काहीही यंदाच्या पावसाळ्यात उपयोगी पडणार नाही. वोल्बाकिया आला तरी साठवलेल्या पाण्याचा प्रश्न सुटत नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या २७ गावांची पाण्याची ओरड जुनी आहे. नळाला रोज पाणी येत नाही तिथे माणूस पिंप भरून ठेवणारच. त्याला दंडाची नोटीस देण्याआधी नियमित पाणी देणे हा महापालिकेचा डासनियंत्रणाचाच कार्यक्रम मानला पाहिजे. आणि आपल्या हातात आहे तो आठवड्यातला एक कोरडा दिवस. पिंप रिकामे करायचे, आतली कड घासून काढायची म्हणजे चिकटलेली अंडी जातात, ते वाळवायचे आणि मग झाकण लावून भरायचे.