बोअरचं उघडं तोंड आणि रोखलेला श्वास



बी-बियाणं आणि फवारणी आज बाजूला ठेवू. एका सिनेमाविषयी बोलू, पण विषय आपल्या बांधावरचाच आहे.

२०१७ साली तमिळ भाषेत ‘अरम्म’ नावाचा चित्रपट निघाला. दिग्दर्शक गोपी नैनार. पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करणारं गाव, हातावर पोट असलेले आईबाप आणि त्यांची लहानगी धनशिका. ही पोर पडीक बोअरमध्ये पडते. गोष्ट एवढीच. यात ना भूत आहे, ना खुनी. तरीही पाहणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. तो कशामुळं?

पहिलं कारण म्हणजे इथं काहीच लपवलेलं नाही. पोर कुठं आहे हे साऱ्यांना ठाऊक आहे. हात मात्र तिथवर पोचत नाही. एकेक उपाय फसतो आणि वेळ हातातून निसटत जातो.

दुसरं कारण अभिनय. नयनतारानं यात कलेक्टरीणबाईंचं काम केलं आहे. साधी साडी, मोजकं बोलणं. छाती पिटून रडणं नाही की लांबलचक भाषणं नाहीत. निर्णय तिला घ्यायचा आहे आणि चुकला तर पोर जाणार, हे ओझं तिच्या चेहऱ्यावर दिसतं. ती आवरून धरते, म्हणून आपल्याला भरून येतं.

तिसरं कारण वातावरण. कोरडी जमीन, जमलेली गर्दी आणि मध्ये ते वीतभर काळं तोंड. त्याच परिसरातून अग्निबाण आकाशात सोडायची तयारी चाललेली असते, पण जमिनीतल्या भोकातून लेकरू काढायला धड साधन नसतं! शेवटी पेच असा पडतो, की तिच्या भावाला दोरानं आत सोडायचं का? एक लेकरू आत असताना दुसरं घालायचं? पुढचं पडद्यावरच पाहा.

पडद्यावरचं हे संकट प्रत्यक्षातही घडलेलं आहे. २००६ साली हरियाणात कुरुक्षेत्र जिल्ह्यात पाच वर्षांचा मुलगा असाच बोअरमध्ये पडला होता. सैन्यानं शेजारच्या विहिरीतून वाट काढून त्याला जिवंत वर आणलं. पण प्रत्येक लेकराचं नशीब तसं नसतं.

सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली याबाबत नियम घालून दिले. बोअर घेण्यापूर्वी पंधरा दिवस आधी लेखी कळवायचं. काम चालू असताना भोवती काटेरी तारेचं कुंपण घालायचं. केसिंगभोवती सिमेंटचा ओटा बांधायचा. तो अर्धा मीटर लांब-रुंद आणि एकूण साठ सेंटिमीटर उंच, त्यातला निम्मा जमिनीत. तोंडावर लोखंडी पत्रा वेल्डिंग करून बसवायचा किंवा बोल्टानं आवळलेलं टोपण लावायचं. पाणी न लागलेलं किंवा सोडून दिलेलं बोअर माती, वाळू, दगडगोटे टाकून तळापासून जमिनीपर्यंत भरून काढायचं.

पोतं टाकून किंवा फांदी रोवून भागत नाही. पोतं कुजतं, फांदी शेळी खाते. भोक तसंच राहतं.

या आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी मिळून शिवारात एक चक्कर मारा. आपलं तर बघाच, शेजाऱ्याचं उघडं दिसलं तर त्यालाही सांगा. तो रागावला तर रागावू द्या. असला थरार सिनेमातच राहिलेला बरा.