पालखी गेली, मान राहिला

गेल्या लग्नसराईत एका भाचीच्या लग्नाला मी सायकलवर गेलो. सायकल बॅटरीची. पायडल मारले की मोटर हातभार लावते, पाय थांबले की तीही थांबते. पुण्यातल्या कोथरूडहून निघालो आणि अर्ध्या तासात कार्यालयाशी पोचलो. झब्ब्याची इस्त्री मोडली नव्हती, कपाळावर घामाचा थेंब नव्हता. फाटकात रखवालदाराने हात आडवा धरला. "काका, सायकल मागच्या गेटनं. केटररचा टेम्पो उभाय ना, तिथं लावा." तेवढ्यात माझ्या मागून एक लांबलचक पांढरी गाडी आली. आत एकटा माणूस. रखवालदाराने सलाम ठोकला, साखळी सोडली, गाडी नीट वळावी म्हणून दोन कुंड्यासुद्धा सरकवल्या. मी मागे गेलो. भांडी घासायच्या नळाशेजारी एक जुनी काळी सायकल उभी होती, तिच्याजवळ माझी लावली. निघताना कळले की ती काळी सायकल त्या रखवालदाराचीच.

पंगतीत वहिनींनी हळूच विचारले, "भावोजी, सगळं ठीक आहे ना? गाडी विकली म्हणे." माणूस दवाखान्यात असला की ज्या सुरात विचारपूस होते, तो सूर. मी सांगितले, कर्ज नाही, आजार नाही, शहरात ती लागत नाही म्हणून विकली. त्यांना पटले नाही. आपल्यात माणूस गाडी सोडतो त्याची तीनच कारणे मान्य आहेत: दिवाळे, दुखणे किंवा डोके फिरणे. चौथे कारण असू शकते हे आपल्या गावीही नाही.

त्या दिवशी मला जे दिसले ते रखवालदाराचे किंवा वहिनींचे वैगुण्य नव्हे. ते तुमचे-माझे, या सगळ्या सुशिक्षित, पांढरपेशा महाराष्ट्राचे पाप आहे आणि त्याचे नाव घ्यायची वेळ आली आहे.

पेशवाईत पालखी ही निव्वळ सोय नव्हती, तो मान होता. सरकारातून तो मिळे आणि पालखीच्या खर्चाला नेमणूक बांधून मिळे. पालखी चालताना भोई वाहत, पुढचे लोक बाजूला होत आणि आत बसलेल्याचा एक पायही धुळीला लागत नसे. पालखीचा उपयोग कुठेतरी पोचणे हा कमी आणि आपण न चालता जातो हे इतरांना दाखवणे हा जास्त. इंग्रज आले, पालखी मोडली, भोई दुसऱ्या कामाला लागले. मान मात्र मोडला नाही. तो बग्गीत बसला, मग मोटारीत बसला, आणि आता बँकेच्या हप्त्यावर कोणालाही मिळतो.

वाहन हे आपल्याकडे पायरी दाखवण्याचे साधन किती खोलवर आहे, याची सर्वांत विदारक साक्ष बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवली आहे. 1929 साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून ते खानदेशात गेले होते. चाळीसगावला एकही टांगेवाला त्यांना नेईना. वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने मिळवला, पण हाकायला टांगेवाला नाहीच. ज्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती त्याने लगाम धरला, वाटेत अपघात झाला, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. विलायतेत शिकून आलेला बॅरिस्टर आत बसणार होता आणि हातावर पोट असलेल्या टांगेवाल्याला त्याला नेण्यात कमीपणा वाटत होता.

त्या अपमानाशेजारी माझ्या फाटकावरची गंमत ठेवण्याचा आचरटपणा मी करणार नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे तीच आहे. पायरी राखण्याचे काम वरचा माणूस स्वतः करत नाही. तो ते खालच्याकडून करवून घेतो. ज्याची स्वतःची सायकल नळाशेजारी आहे, त्यालाच दुसऱ्याची सायकल नळाकडे पाठवायला आपण लावतो, आणि तो ते मनापासून करतो.

आजवर आपल्याकडे एक सभ्य सबब होती: घाम. ऑफिसात घामेजल्या अंगाने कसे जायचे? चांदणी चौकाचा चढ या वयात कसा चढायचा? गुडघ्यांचे काय? प्रश्न खरे होते. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे लांबरुंद वाढले, चढावर चढले, टेकड्यांच्या पलीकडे गेले. जुनी सायकल तिथे खरेच अपुरी पडत होती.

मग मोटर लावलेली सायकल आली आणि सबब संपली. अडीचशे वॅटच्या आतली मोटर, ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतला वेग आणि वजन मर्यादेत असले, तर आपला कायदा तिला मोटार वाहन मानतच नाही. लायसन नको, नोंदणी नको. बॅटरी एकदा भरायला अर्धा युनिट वीजही पुरेशी होते आणि पायांची साथ असेल तर तीसेक किलोमीटर सहज निघतात. चढ सपाट झाला, घाम थांबला, गुडघे वाचले. तक्रारी एकेक करून मिटल्या. तरी आपण तिच्यावर बसलो का? नाही. याचा अर्थ उघड आहे. अडचण घामाची कधी नव्हतीच, अडचण मानाची होती. बॅटरीच्या सायकलीचा आपल्याला राग येतो तो याचमुळे. तिने आपला खोटेपणा उघडा पाडला.

म्हणून मग तिच्यावर दोन्ही बाजूंनी हसतात. गाडीवाला म्हणतो, हे खेळणे आहे. रविवारी घट्ट कपडे घालून सिंहगडाच्या पायथ्याला जाणारा हौशी सायकलवाला म्हणतो, "बॅटरीची? मग व्यायाम कसला?" गाडीत बसणाऱ्याला व्यायामाचा हिशेब कोणी कधी विचारला आहे? भाजी आणायला, बँकेत जायला, नाटकाला जायला निघालेल्या माणसाने व्यायाम सिद्ध करून दाखवायचा, आणि तोही फक्त तो सायकलवर असेल तरच! लिफ्टमध्ये शेजारी विचारतात, "काय, तुम्ही पण डिलिव्हरी सुरू केली का?" आणि हसतात. पावसात, उन्हात, रात्री साडेअकराला ज्याच्या हातचे गरम जेवण आपण घेतो, त्याच्यासारखे दिसणे हा आपल्यालेखी विनोद आहे. त्याचा घाम चालतो, त्याचे वाहन चालत नाही.

गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत जाऊन बसा. तिथे तर सोंग पुरते उतरते. प्रत्येक सदनिकेला दोन गाड्यांची जागा हवी म्हणून मुलांची खेळायची जागा जाते, एक जांभळाचे झाड जाते, ठराव टाळ्यांनी मंजूर होतो. एका सभासदाने सायकल भरण्यासाठी एक प्लग पॉइंट मागितला की मात्र सगळ्यांच्या अंगात हिशेबनीस संचारतो. मीटर कोणाचा? कॉमन लाइटचे बिल कोण भरणार? आग लागली तर? आगीचा प्रश्न रास्त आहे. चांगली वायरिंग आणि चांगला चार्जर हे त्याचे उत्तर आहे. पण तोच प्रश्न विजेच्या मोटारीसाठी त्या सभेत कोणी उभा करत नाही. मोटारीला चार्जर हवा असला की ती इमारतीची प्रगती असते.

सरकार आपल्याहून वेगळे कसे असेल? ते आपल्यातूनच गेले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशात सुमारे आठ टक्के घरांत मोटार आहे. महाराष्ट्रात हा आकडा नऊच्या आत आहे. म्हणजे शंभरातल्या एक्याण्णव घरांत मोटार नाही. पण रस्ता कोणाचा? मुंबईत बारा हजार कोटींहून अधिक खर्चून किनारी रस्ता बांधला आणि त्यावर सायकल, दुचाकी, रिक्षा यांना बंदी घातली. 2025 मध्ये अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोल माफ झाला. त्या सेतूवर दुचाकीला मुळात पाऊल ठेवता येत नाही. वीस-तीस लाखांची गाडी घेणाऱ्याला पर्यावरणाचे बक्षीस, आणि ज्याने आयुष्यात धुराचा एक झोत सोडला नाही त्याला मागचे फाटक. पेशव्यांनी पालखीला नेमणूक बांधून दिली होती. आपली लोकशाही याहून निराळे काय करते आहे?

पुण्याचा पाढा वाचायचा तर 2006 मध्ये कात्रज, स्वारगेट, हडपसर या रस्त्यावर देशातला पहिला बीआरटी मार्ग इथे सुरू झाला. बसला वेगळी वाट मिळाली आणि गाडीवाल्यांचा जळफळाट झाला. पुढे नगर रस्त्यावरची अशीच वाट उखडूनच टाकली. 2017 मध्ये महापालिकेने शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. आज जे सायकल मार्ग आहेत त्यांवर गाड्या उभ्या असतात, भेळेचे ठेले असतात, विजेच्या डीपी असतात. सायकल तेवढी नसते. 2018 मध्येच पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या माणसांच्या पुढे गेली. आपण ती बातमी पेढे वाटण्याच्या सुरात वाचली.

आणि भोई? पालखीचे भोई निदान दिसत होते. त्यांचे खांदे दिसत, त्यांची धाप ऐकू येई, आतल्या धन्याला कधीमधी लाज वाटण्याची सोय होती. आजच्या पालखीचे भोई दिसत नाहीत. 2022 या एका वर्षात देशात 32,825 पादचारी रस्त्यांवर मेले. फूटपाथ नव्हता म्हणून रस्त्यावरून चालणारी मोलकरीण, पहाटे दूध घेऊन निघालेला म्हातारा, शाळा सुटलेले पोर. पायी चालणाऱ्याला फूटपाथ मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. ज्या समाजाला चालण्याचा हक्क न्यायालयाकडून समजून घ्यावा लागतो, त्याने आपल्या संस्कृतीच्या गप्पा जरा हळू माराव्यात.

आणखी एक ढोंग. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सरकार सायकल देते. उत्तम काम. सायकल मिळते, मुलीची शाळा सुटत नाही, वाटप करताना पुढाऱ्यांचे फोटो निघतात. तीच मुलगी शिकते, शहरात नोकरीला लागते, आणि तिचे लग्न ठरवताना पहिल्या पाच प्रश्नांत एक असतो: "मुलाकडे चारचाकी आहे ना?" ज्या सायकलीने तिला शाळेत पोचवले, ती सायकल चालवणारा मुलगा आता तिच्या लायकीचा उरत नाही. सायकल गरिबाला वर चढायची शिडी, आणि वर पोचल्यावर लाथाडायची वस्तू. सुधारणा म्हणायची ती हीच का?

गोव्यात मात्र पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवर मागे बसवून माणसे पोचवणाऱ्याला लोक 'पायलट' म्हणतात. कारकून त्याच्या मागे बसतो, मास्तरीण बसते, कोणाची पायरी घसरत नाही. गोव्यात मोटारी कमी आहेत असे नव्हे, उलट पुष्कळ आहेत. तरी दोन चाकांवरच्या त्या माणसाला समाजाने एक ऐटदार नाव दिले. नाव देणे आपल्याही हातात आहे. आपण दिलेले नाव कोणते? 'बिचारा'.

मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणणार. आजाऱ्याला, अपंगाला, म्हाताऱ्या आईला गाडी लागते. लागते, त्यांना कोण अडवतो? उलट आपण धडधाकट लोक रस्त्यातून हटलो तर त्यांची गाडी आणि रुग्णवाहिका वेळेवर पोचेल. बस पुरेशा नाहीत, म्हणता. नाहीत. पण ज्यांचा आवाज महापालिकेत पोचतो त्यांनी बसचा थांबा वीस वर्षांत पाहिला नसेल तर बस वाढणार कशी? रस्त्यावर सायकलला धोका आहे, म्हणता. आहे. तो धोका आकाशातून पडलेला नाही. तो आपण चालवतो आणि रात्री सायकल मार्गावर लावून झोपतो.

हे मी उंच ओट्यावरून सांगत नाही. वीस वर्षे मी कोथरूड ते डेक्कन हा पाच किलोमीटरचा रस्ता एकटा गाडीत बसून काटला. पुढे सायकलवाला हळू चालला म्हणून हॉर्न वाजवला. पुतणीचे स्थळ पाहताना 'चारचाकी आहे ना' हा प्रश्न मीच विचारला होता, आणि 'नाही' म्हणणाऱ्या मुलाच्या बापाची मान खाली गेलेली मी पाहिली होती. त्या वेळी मला काही वाटले नाही. आज वाटते, म्हणून लिहितो.

सुधारणेला नेहमी कायदा लागतोच असे नाही; पुष्कळदा एक प्रश्न विचारायचे थांबवावे लागते आणि एक साखळी सोडावी लागते. स्थळ पाहताना चारचाकीचे विचारू नका. सोसायटीत त्या एका प्लगसाठी हात वर करा. पाच किलोमीटरच्या आतल्या कामाला गाडीची किल्ली उचलताना स्वतःला विचारा, मी पोचायला निघालो आहे की मिरवायला? आणि घरचे कार्य असेल, कार्यालय तुम्ही ठरवले असेल, तर आदल्या दिवशी रखवालदाराला एवढेच सांगा: उद्या जो सायकलवर येईल त्याला पुढच्या फाटकातून आत घे, आणि तुझी काळी सायकलही नळाजवळून काढून इकडे पुढे आणून लाव.