वहीतले खरे आकडे



गेल्या महिन्यात अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रायोगिक वह्या आम्ही चाळत होतो. लंबकाच्या प्रयोगात जवळजवळ साऱ्या वर्गाचे उत्तर ९८० आले होते. कोणाचा दोरा लांब, कोणाचा आखूड, वर पंखा सुरू, आणि तरी सर्वांचे उत्तर एकच! एका मुलाला जवळ बोलावून विचारले. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "आधी उत्तर लिहितो, मग त्यावरून रीडिंग बसवतो. खरे रीडिंग लिहिले तर नंबर कापतात."

दोष त्या मुलाचा नाही. नंबर कापणारे आम्हीच.

प्रायोगिक परीक्षेच्या मूठभर गुणांसाठी एवढी चर्चा कशाला, असे काहींना वाटेल. त्याचे उत्तर शोधायला आपल्याला आपल्या शहराबाहेर जावे लागत नाही.

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा आमची पिढी शाळेत होती. त्या दिवसांत शवविच्छेदन करणारे डॉ. हीरेश चंद्र यांना मृतांचे रक्त चेरीसारखे लाल दिसले आणि शरीरात सायनाइड गेले असावे अशी शंका आली. त्यावर सोडियम थायोसल्फेटचे इंजेक्शन हा माहीत असलेला उपाय होता. जर्मनीहून आलेले डॉ. डॉन्डरर हे औषध घेऊन आले. औषधाने आराम पडतो असे एक पक्ष म्हणे, सायनाइडच नाही तर औषध कशाला, असे दुसरा म्हणे. रोगी मात्र हमीदियाच्या आवारात खोकत बसलेला.

असा वाद भाषणांनी मिटत नाही, तो तपासूनच मिटवावा लागतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८५ च्या सुरुवातीला तेच केले. ही चाचणी दुहेरी अंध पद्धतीची होती. म्हणजे कोणाला खरे औषध मिळाले आणि कोणाला नुसते इंजेक्शन, हे ना रोग्याला ठाऊक, ना सुई टोचणाऱ्या डॉक्टरला. दोघांच्याही डोळ्यांवर पट्टी बांधलेली, म्हणून कोणाच्या मनातली इच्छा निकालात मिसळत नाही. शिवाय औषध काम करत असेल तर लघवीतील थायोसायनेट वाढले पाहिजे, आणि ते मोजता येते. चाचणीत ते वाढलेले दिसले, रोग्यांना आरामही दिसला आणि परिषदेने औषधाची शिफारस केली. तरीही ते सर्वांपर्यंत पोचले नाही. जून १९८५ मध्ये हे इंजेक्शन देणाऱ्या एका स्वयंसेवी दवाखान्यावर पोलीस कारवाई झाली आणि रोग्यांच्या नोंदीही उचलून नेल्या गेल्या. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

ते औषध किती गुणकारी होते यावर जाणकारांत मतभेद आहेत. तो निवाडा आम्ही करू शकत नाही. आमचे म्हणणे एवढेच की नोंद गेली म्हणजे तपासण्याची सोयही गेली.

पुढची गोष्ट पाहा. परिषदेने सुमारे ८० हजार गॅसपीडित आणि तुलनेसाठी गॅस न लागलेले सुमारे १६ हजार लोक निवडून वर्षानुवर्षे त्यांची पाहणी केली. काम फार मोलाचे होते. १९९४ मध्ये ते थांबले आणि त्या पाहणीचा अहवाल छापून आला २००४ मध्ये. दहा वर्षे ते आकडे बाहेरच्या डॉक्टरांना तपासता आले नाहीत. याउलट मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅसपीडितांच्या फुफ्फुसांची तपासणी करून आपली निरीक्षणे १९८५ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात छापली. ज्याला पटत नसेल त्याने उघडून पाहावे!

अलीकडचे उदाहरणही आहे. गॅसपीडित मातांच्या मुलांमधील जन्मजात व्यंगांचा एक अभ्यास परिषदेच्याच भोपाळच्या संस्थेत झाला होता. तो प्रसिद्ध झाला नाही. त्याची कागदपत्रे माहिती अधिकारात मिळवून गॅसपीडितांच्या संघटनांनी २०२० मध्ये लोकांपुढे ठेवली. अभ्यासाच्या पद्धतीत दोष होते, असे परिषदेचे म्हणणे. असतीलही. पण मग अभ्यास आणि त्यातले दोष दोन्ही छापावेत आणि नव्याने मोजावे. दाबलेल्या आकड्यातून दोष सिद्ध होत नाही आणि गुणही नाही. मधल्या मध्ये ज्या आईला आपल्या मुलाबद्दल उत्तर हवे आहे, ती उत्तराविना राहते.

हे दुखणे काही आपल्याच देशाचे नाही. अमेरिकेतील अ‍ॅमजेन या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरील गाजलेले ५३ शोधनिबंध पुन्हा करून पाहिले. केवळ ६ जुळले, असे त्यांनी २०१२ मध्ये 'नेचर' नियतकालिकात लिहिले. बाकीचे सारे लबाड होते असे नव्हे. घाई, मोजकेच नमुने, आणि हवे ते दिसले की तिथेच थांबणे, एवढेही पुरते. आमच्या अकरावीच्या वहीत दुसरे काय आहे?

म्हणून या सत्रापासून शाळेत तीन गोष्टी ठरवल्या आहेत. वहीत रीडिंग पेनानेच लिहायचे, आणि चुकले तर एक रेघ मारायची, पण खालचे वाचता आले पाहिजे. प्रत्येक प्रयोग दुसऱ्या विद्यार्थ्याने केवळ ती वही वाचून पुन्हा करायचा. आणि उत्तर ९८० आले नाही म्हणून कोणाचे नंबर कापले जाणार नाहीत, मात्र ते का आले नाही हे दोन ओळींत लिहावे लागेल.

पालकांना एक विनंती आहे. बोर्डाचे परीक्षक बाहेरून येतात. खरे लिहिणाऱ्या मुलाचे कदाचित दोन-चार नंबर जातील. ते जाऊ द्यावेत. घरी "बरोबर उत्तर का नाही आले?" असे न विचारता "तू काय पाहिलेस?" असे विचारावे. यांतलीच काही मुले उद्या प्रयोगशाळेत, दवाखान्यात बसतील, आणि त्यांच्या वहीवर विसंबून कोणीतरी आपल्या माणसाला औषध देईल.

या शहराने नोंदींची किंमत पुरेपूर मोजली आहे. निदान आपल्या शाळेच्या वह्या खऱ्या असाव्यात, एवढेच आमचे मागणे.

— प्राचार्य