पाच टक्क्यांपलीकडचे निर्वसाहतीकरण

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार विद्यार्थ्यांनी एकूण श्रेयांकांपैकी किमान ५ टक्के श्रेयांक भारतीय ज्ञानपरंपरेच्या अभ्यासक्रमांतून मिळवावेत, अशी अपेक्षा आहे. ही उच्च शिक्षणाच्या निर्वसाहतीकरणाची सुरुवात मानली जाते. मात्र उरलेल्या ९५ टक्क्यांची भाषा आणि प्रश्नपत्रिका जिथल्या तिथेच राहणार असेल, तर म्हैसूरचा इतिहास एकदा पाहून घ्यावा.

तेथील प्राच्य ग्रंथालयात १९०५ मध्ये ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांच्या हाती कौटिलीय अर्थशास्त्राचे ताडपत्रांवरील हस्तलिखित आले. १९०९ मध्ये त्यांनी मूळ संहिता प्रसिद्ध केली, १९१५ मध्ये इंग्रजी भाषांतर. भारतीयांजवळ अध्यात्म होते, राज्यविचार नव्हता, ही वसाहतकालीन समजूत या एका ग्रंथाने खिळखिळी केली. त्यामागे कोणतेही परिपत्रक नव्हते. संस्थानाने १८९१ पासून ग्रंथालय चालविले, हस्तलिखिते जमविली आणि ती वाचू शकणारा माणूस पगारावर ठेवला. प्रशासनात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला यातला पगाराचा तपशील सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

याच संस्थानाने १९१६ मध्ये विद्यापीठ स्थापिले. मालकी एतद्देशीय झाली, तरी अध्यापन इंग्रजीतच राहिले. १९५६ ते १९६० या काळात कुलगुरू असलेल्या कुवेंपु यांनी कन्नड माध्यमाचा आग्रह धरला आणि कन्नड ग्रंथप्रकाशनाला बळ दिले. पुस्तकांविना माध्यम बदलत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

मराठी वाचकाला हैदराबादचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने विज्ञानही उर्दूत शिकविले, त्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभाग उभारला. कामगिरी मोठीच, पण मराठवाड्यातल्या मराठी मुलाच्या घरची भाषा ती नव्हती. तेव्हा ‘देशी’ म्हणजे नेमके कोणाचे, हे विचारावेच लागते. म्हैसूर जिल्ह्यातच, हुणसूरच्या जंगलपट्ट्यात, जेनु कुरुब राहतात. मध आणि अरण्य यांचे त्यांचे ज्ञान पिढीजात आहे. ज्ञानपरंपरेची व्याख्या संस्कृत ग्रंथांपाशी थांबली, तर ही माणसे मानववंशशास्त्राच्या एखाद्या प्रकरणातच राहतील. वनशास्त्राच्या वर्गात शिकवायला येणार नाहीत.

‘अस्मिता’ उपक्रमात २२ भाषांत मिळून पाच वर्षांत २२,००० पुस्तकांचे लक्ष्य २०२४ मध्ये जाहीर झाले. छापलेली पुस्तके मोजणे सोपे असते. त्यांतील किती पुस्तके प्रत्यक्ष वर्गात वापरली गेली आणि किती विषयांच्या उत्तरपत्रिका विद्यार्थ्यांनी मातृभाषेत लिहिल्या, हे दोन आकडे आयोगाने दरवर्षी मागवावेत. पाच टक्क्यांच्या अहवालापेक्षा तो तक्ता भरताना कुलसचिवांची पंचाईत अधिक होईल.