कमी लेखले, पण कोणी?

सुपरहीरोंच्या चित्रपटांचे चाहते एकत्र आले की एक वाद हमखास रंगतो: कोणता चित्रपट ‘अंडररेटेड’ आहे? कुणी आंग ली यांचा ‘हल्क’ (२००३) पुढे करतो, कुणी एम. नाइट श्यामलन यांचा ‘अनब्रेकेबल’ (२०००), कुणी ‘बॅटमॅन: मास्क ऑफ द फँटॅझम’ (१९९३) हा ॲनिमेशनपट, तर कुणी ‘ड्रेड’ (२०१२). यादीवर यादी आदळते. या वादात उत्साह असतो, जिव्हाळा असतो, माहिती तर अध्यापकांनी हेवा करावा इतकी असते. नसतो तो फक्त चित्रपट. त्यात काय घडते, ते कसे घडवले आहे, कुठे साधले आणि कुठे फसले याविषयी तासाभराच्या चर्चेत चार वाक्येही निघत नाहीत.

सुपरहीरोंकडे पाहून नाक मुरडण्याची आम्हांला हौस नाही. मार्टिन स्कॉर्सेसी यांनी २०१९ साली मार्व्हलच्या चित्रपटांना ‘सिनेमा’ म्हणण्यास नकार दिला, तेव्हा झालेल्या गदारोळात आम्हांला कोणत्याच बाजूला उभे राहावेसे वाटले नव्हते. आमचा आक्षेप आहे तो ‘अंडररेटेड’ या एका शब्दाला, कारण तो आता चित्रपटगृहातून मराठीच्या वर्गात येऊन बसला आहे. कादंबरीवर टिपण लिहायला सांगावे, तर ‘ही कादंबरी अंडररेटेड आहे’ हे पहिले वाक्य येते आणि पुष्कळदा तेच शेवटचेही असते. विद्यार्थ्याला आपण मूल्यमापन केले असे प्रामाणिकपणे वाटते. वस्तुतः त्याने इतरांच्या मूल्यमापनाची नोंद केलेली असते, तीही ऐकीव.

शब्दाकडे नीट पाहू. ‘रेट’ म्हणजे भाव. तेव्हा ‘अंडररेटेड’ म्हणजे ज्याला कमी भाव मिळाला ते. मराठीत ‘भाव’ हा शब्द बाजारातही चालतो आणि काव्यचर्चेतही. मात्र भाव किती मिळाला आणि भाव कोणता आहे, हे दोन प्रश्न मराठी माणूस एकमेकांत मिसळत नाही. शिवाय या अर्थाचे आपले क्रियापद आहे ‘कमी लेखणे’. क्रियापद आले की कर्ता लागतो. ‘कमी लेखले’ म्हटले की ऐकणारा विचारणारच: कोणी? कशाच्या तुलनेत? इंग्रजीतून उचललेले विशेषण मात्र हे दोन्ही प्रश्न सफाईने गिळून टाकते. जणू कमी लेखले जाणे हा रंगासारखा किंवा लांबीसारखा त्या चित्रपटाचाच एक गुणधर्म असावा!

कर्ता शोधायला गेले की काय होते, ते पाहण्यासारखे आहे. ‘हल्क’ने अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत ६ कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमवला आणि दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस तो जवळजवळ ७० टक्क्यांनी कोसळला. पाठ फिरवली ती प्रेक्षकांनी; समीक्षकांपैकी बऱ्याच जणांनी त्याचे बरे स्वागत केले होते, रॉजर ईबर्ट यांनी चारांपैकी तीन तारे दिले होते. ‘मास्क ऑफ द फँटॅझम’ची गोष्ट निराळी. थेट व्हिडिओवर यावयाचा हा चित्रपट स्टुडिओने ऐनवेळी चित्रपटगृहात आणला, नाताळच्या दिवशी प्रदर्शित केला आणि त्याच्या जाहिरातीला पुरता अवधीच मिळाला नाही. त्याला कमी लेखायला मुळात फारसे कुणी आलेच नव्हते. आणि ‘अनब्रेकेबल’? त्याने जगभरात सुमारे २४ कोटी ८० लाख डॉलर मिळवले. तो कमी वाटला तो आदल्याच वर्षीच्या ‘द सिक्स्थ सेन्स’च्या शेजारी ठेवल्यामुळे, आणि सुपरहीरोची गोष्ट असूनही मानसशास्त्रीय थरारपट म्हणून विकल्यामुळे. एकाला प्रेक्षकांनी नाकारले, दुसऱ्याला वितरणाने, तिसऱ्याला केवळ अपेक्षेने. या तीन वेगळ्या इतिहासांवर एकच शिक्का मारला की तिन्ही इतिहास पुसले जातात. चाहत्यांना इतिहासाची आवड असते असा आमचा समज आहे. मग हा शब्द त्यांनाच का खुपत नाही?

कारण कर्त्याची जागा आता आकड्याने घेतली आहे. १९९८ साली सुरू झालेल्या ‘रॉटन टोमॅटोज’ची टक्केवारी हा या वादातला सर्वोच्च न्यायाधीश. ती टक्केवारी मोजते काय? प्रत्येक परीक्षणाची अनुकूल किंवा प्रतिकूल अशी दोनच खाती करावयाची आणि अनुकूल किती, ते शेकड्यात सांगावयाचे. समजा, एखादा चित्रपट शंभर समीक्षकांना ‘बरा आहे, वेळ जातो’ एवढाच वाटला. त्याला शंभर टक्के मिळतील. दुसऱ्याने पन्नास जणांना हलवून सोडले आणि पन्नास जणांना चिडवले; त्याला पन्नास. म्हणजे वाद उभा करणारी कलाकृती या मापात कायमच उणी ठरणार. चाहता या आकड्यावर संतापतो, पण मापावर संतापत नाही. साठाचे ऐंशी हवेत, एवढेच त्याचे मागणे. बाजाराशी त्याचे भांडण आहे असे दिसते खरे. प्रत्यक्षात बाजाराची तागडी त्याने मान्य केलेली असते आणि घासाघीस चालते ती वजनावर.

या वृत्तीचे टोक २०१७ नंतर दिसले. ‘जस्टिस लीग’ अर्धवट असताना कौटुंबिक दुःखामुळे झॅक स्नायडर बाजूला झाले, दुसऱ्या दिग्दर्शकाने तो पुरा केला आणि पडद्यावर आलेला चित्रपट बहुतेकांना आवडला नाही. मग स्नायडर यांची मूळ आवृत्ती प्रदर्शित करा, अशी मोहीम उभी राहिली. मोहिमेतील चाहत्यांनी आत्महत्या-प्रतिबंधाच्या कार्यासाठी मोठा निधीही जमवला. हे त्यांचे श्रेय कुणी नाकारू नये. दिग्दर्शकाचे काम त्याच्या मनाप्रमाणे पाहावयास मिळावे, ही मागणीही रास्त होती. परंतु २०२१ च्या मार्चमध्ये चार तासांची ती आवृत्ती आली, त्याच्या कितीतरी आधी तिची थोरवी सिद्ध झाल्याप्रमाणे बोलले जात होते. जो चित्रपट कुणी पाहिलेलाच नाही, त्याच्यावर अन्याय झाला याविषयी शंका नव्हती! अन्यायाची भावना कलाकृतीच्या आधी जन्माला येऊ शकते आणि तिच्यावाचूनही जगू शकते, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? स्टुडिओनेही यातून योग्य तो धडा घेतला: चाहत्यांची तक्रार हादेखील एक ग्राहकवर्ग आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. दुर्लक्षित कृतींना पुन्हा उजेडात आणणे हे समीक्षेचे कामच नाही का? ‘हे कमी लेखले गेले’ असे कुणीतरी म्हटल्यावाचून पुनर्मूल्यांकन सुरू तरी कसे व्हावे? आमचे उत्तर हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’त आहे. १९५८ साली हा चित्रपट आला तेव्हा त्याचे स्वागत संमिश्र होते. २०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’च्या समीक्षक-मतदानात त्याने ‘सिटिझन केन’ला मागे टाकून पहिले स्थान मिळवले. या चोपन्न वर्षांत काय झाले? हिचकॉकला कमी लेखले हो, असा नुसता टाहो कुणी फोडला नाही. फ्रेंच समीक्षकांनी त्यांचे चित्रपट बारकाईने पाहिले. रॉबिन वुड यांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकात हिचकॉकना गंभीरपणे का घ्यावे, हा प्रश्न विचारून एकेका चित्रपटाचे वाचन मांडले. त्या वाचनांशी पुढच्यांनी वाद घातले. स्थान बदलले ते या श्रमांच्या शेवटी. ‘अंडररेटेड’ म्हणणारा हे श्रम गाळून थेट निकालावर येतो.

तर श्रम करून पाहू. ‘हल्क’च घेऊ. आंग ली यांचे सुरुवातीचे तैवानी चित्रपट, ‘द वेडिंग बँक्वेट’ (१९९३) आणि ‘ईट ड्रिंक मॅन वुमन’ (१९९४), बाप आणि मुले यांच्यात न बोलल्या गेलेल्या गोष्टींचे आहेत. ‘हल्क’ही तेच सांगतो. बापाने स्वतःवर केलेल्या प्रयोगांचे विष मुलाच्या रक्तात उतरले आहे. आईच्या मृत्यूची आठवण मुलाने गाडून टाकली आहे. तिकडे नायिका आणि तिचा सेनाधिकारी बाप यांच्यातही तसाच अबोला. हिरवा राक्षस म्हणजे या घरांत दाबून ठेवलेला शब्द. पडद्याची विभागणी कॉमिकच्या पानासारखी चौकटींत केली आहे. ती केवळ गंमत म्हणून येते तेव्हा थकवते, कारण कॉमिकच्या दोन चौकटींमधली कोरी पट्टी वाचक आपल्या गतीने ओलांडतो आणि चित्रपटात ती मुभा नसते. पण एकाच क्षणातली माणसे वेगळ्या चौकटींत अडकून पडतात तेव्हा ती रेघ भिंतीसारखी भासते. अखेरीस लष्करी तळावर बाप-लेक समोरासमोर बसतात तो प्रसंग तर उघड्या रंगमंचावरच्या नाटकासारखा आहे. आणि लगेच पुढे, अंधारात आणि पाण्यात चाललेल्या हाणामारीत, चित्रपट हे सारे गमावतो; जे बोलून सुटायला हवे होते, ते संगणकाने काढलेल्या ढगांत विरते. आता सांगावे: हा चित्रपट कमी लेखला गेला की जास्त? एवढे पाहिल्यावर हा प्रश्नच पोरका वाटू लागतो.

जवळचे उदाहरण विक्रमादित्य मोटवाने यांच्या ‘भावेश जोशी सुपरहीरो’चे. १ जून २०१८ ला तो आला आणि पडला. तेव्हापासून ‘अंडररेटेड’च्या हिंदी याद्यांत त्याचे नाव असतेच. मुंबईचे पाणी चोरणारी टोळी आणि तिच्याशी भिडणारी, डोक्यावर कागदी पिशव्या चढवलेली तरुण मुले, असा त्याचा विषय. २०११ च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनातून घडलेल्या दोन मित्रांपैकी एक पुढे पासपोर्टसाठी लाच देतो. त्या एका तडजोडीत चित्रपटाचा सारा पीळ आहे. मराठी प्रेक्षकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसायला हवी. यातला खलनायक राजकारणी रंगवला आहे निशिकांत कामत यांनी. म्हणजे ज्यांनी ‘डोंबिवली फास्ट’मध्ये (२००५) बारीकसारीक भ्रष्टाचाराने पिसाळलेला माधव आपटे उभा केला त्यांनीच. आपटेला मुखवटा नव्हता आणि त्याच्या संतापाला बक्षीसही नव्हते. भावेशच्या मृत्यूनंतर मित्र मुखवटा चढवतो आणि चित्रपट हळूहळू नागरिकाकडून नायकाकडे सरकतो, पाण्याचा प्रश्न मोटारसायकलच्या पाठलागात मागे पडतो. मुखवटा आला की नागरिक का हरवतो? हा प्रश्न दोन्ही चित्रपट शेजारी ठेवल्याशिवाय सुचत नाही, आणि कोणत्याही यादीत तो सापडत नाही.

आता मराठीकडे. आपल्याकडे ‘अंडररेटेड’चा थोरला भाऊ केव्हाचा नांदतो आहे. त्याचे नाव ‘उपेक्षित’. ‘समीक्षेने त्यांची पुरेशी दखल घेतली नाही’ या वाक्याने किती प्रबंधांची प्रस्तावना सुरू होते! हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर यांच्याविषयी हे वाक्य हटकून उच्चारले जाते. आपल्या सुपरहीरोंचे पूर्वज शोधायचे तर झुंजार आणि काळापहाड यांच्यापर्यंत जावेच लागेल. पण झुंजार प्रसंगात कसा शिरतो, प्रकरण नेमके कुठे तोडले जाते, कायद्याबाहेरचा हा माणूस वाचकाला आपला का वाटतो, हे पानापानांवरून दाखवणारे लेखन किती? दखल घेतली नाही असे सांगणे म्हणजे दखल घेणे नव्हे. उपेक्षेची तक्रार पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकत राहते आणि पुस्तक न उघडताच ‘उपेक्षित’ म्हणून प्रतिष्ठित होते. ही दुसरी उपेक्षा पहिलीपेक्षा वाईट, कारण तिला आदराचा वेष असतो.

चाहत्यांना उपदेश करण्याचा आम्हांला अधिकार नाही. त्यांचे प्रेम खरे आहे आणि प्रेमाला पुराव्याची सक्ती नसते. साहित्याच्या वर्गाला मात्र ती आहे. विद्यार्थ्याच्या वहीत ‘अंडररेटेड’ किंवा ‘उपेक्षित’ हा शब्द दिसला, तर अध्यापकाने तो खोडू नये. त्याखाली रेघ ओढून समासात दोन प्रश्न लिहावेत: कोणी कमी लेखले? आणि तू काय पाहिलेस? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथालयात मिळते. दुसऱ्यासाठी चित्रपट पुन्हा लावावा लागतो, पुस्तक पुन्हा उघडावे लागते. तेवढे झाले की त्या शब्दाची गरज बहुधा उरत नाही.