फीत कापल्यानंतरचं दाखवा

रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पावसकडे निघालं की वाटेत गोळप लागतं. त्याच पट्ट्यात, रनपारला, फिनोलेक्सचा पीव्हीसीचा कारखाना १९९४पासून उभा आहे. कारखान्यामागोमाग शिक्षणही आलं. १९९६मध्ये रत्नागिरीत फिनोलेक्स अकॅडमी हे अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं, २०१०मध्ये गोळपला मुकुल माधव विद्यालय सुरू झालं. उद्योगांनी शिक्षणाला पैसा देणं ही गोष्ट या परिसराने वर्तमानपत्रात वाचलेली नाही, रोज पाहिलेली आहे. म्हणूनच अशी देणगी जगाला दाखवायची कशी, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या सभागृहांआधी पावससारख्या गावातून विचारला गेला पाहिजे.

देशभरच्या मोठ्या कंपन्यांत आता त्याची एक रीत पडून गेली आहे. मुख्य कार्यालयाच्या दर्शनी दालनात टचस्क्रीन असतो. बोट लावलं की नकाशा उघडतो, जिल्हा निवडला की दोन-तीन मिनिटांची फिल्म सुरू होते. वरून ड्रोनने टिपलेली शाळा, नव्या बाकांवर बसलेली मुलं, फीत कापणारे पाहुणे आणि शेवटी लाभार्थ्यांचा आकडा. भागधारकांपुढे, परिषदांत, पाहुण्यांच्या भेटीत हेच दाखवलं जातं.

असं दाखवणंच गैर, असं मानणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडे गुप्तदानाला मान आहे आणि पावसमध्ये तर तो सहज समजतो. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरात रोज कितीतरी माणसं दानपेटीत काहीबाही टाकून, प्रसादाची खिचडी घेऊन, नाव न सांगता परत जातात. ते त्यांचं स्वतःचं धन, त्याचा गाजावाजा करायचा की नाही हे त्यांनीच ठरवायचं. कंपन्यांच्या खर्चाची गोष्ट मात्र वेगळी आहे. २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४पासून लागू झालं. ५०० कोटी नक्त मालमत्ता, १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा, यांपैकी एक जरी रेषा ओलांडली तरी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करणं कंपनीला भाग आहे. हे समाजाचं देणं आहे, आणि देण्याचा हिशेब झाकून ठेवायचा नसतो. मंजूर प्रकल्पांची माहिती संकेतस्थळावर टाकण्याचं बंधनही कायद्यानेच घातलं आहे. तेव्हा फिल्म जरूर काढावी, पडदेही लावावेत. वाद आहे तो त्यात काय दाखवतात आणि कुणाला दाखवतात, यावर.

कोकणातल्या शाळेला मिळालेल्या एका डिजिटल फळ्याचं उदाहरण घ्या. समारंभ होतो, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये करतात. मग जून येतो. आठवडे आठवडे हवा ओली, भिंतींना ओल, खाऱ्या वाऱ्याने जोडण्या गंजतात. विजा कडाडू लागल्या की शिक्षक आधी प्लग काढायला धावतात. विजेचा दाब वरखाली झाला की कधी फळ्याचं सर्किट जातं, कधी इन्व्हर्टर. बॅटरी तर चार-पाच वर्षांत बदलावीच लागते. ती कुणी बदलायची? शाळेच्या तुटपुंज्या अनुदानात ते बसत नाही, कंपनीचा प्रकल्प त्यांच्या कागदावर पूर्ण झालेला असतो आणि पुरवठादाराची हमी संपलेली असते. फळा भिंतीवर राहतो, वर कापड पडतं. फिल्ममध्ये मात्र तो कायम चालू असतो.

कायद्याची नजर इथवर पोचत नाही. ज्या कंपनीचं या खर्चाचं सरासरी बंधन १० कोटी किंवा त्याहून अधिक आहे, तिलाच परिणामांची स्वतंत्र पाहणी करावी लागते आणि तीही १ कोटी किंवा त्यावरच्या प्रकल्पांची. वाडीतल्या शाळेची प्रयोगशाळा, चार संगणक, एक फळा हे सगळं त्या रेषेच्या कितीतरी खाली. त्यांचं पुढे काय झालं, हे कुणी विचारायला बांधलेलंच नाही. कॅमेऱ्याचा खरा उपयोग नेमका इथे आहे. उद्घाटनाची फिल्म काढा, पण तिसऱ्या वर्षी त्याच वर्गात परत जा आणि पुन्हा चित्रीकरण करा. फळा बंद असेल तर बंदच दाखवा, का बंद आहे ते शिक्षकांच्या तोंडून ऐकवा आणि दुरुस्तीला किती दिवस लागले तेही नोंदवा. अशी फिल्म पाहून कुणाही समंजस माणसाचा त्या कंपनीवरचा विश्वास वाढेल.

टचस्क्रीनचंही तसंच. पडद्यावर गोळप किंवा पावस निवडल्यावर वर्ष, रक्कम, दिलेली वस्तू, तिची आजची स्थिती आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख दिसली पाहिजे. सगळं मराठीत. आणि पाहणाऱ्याला बोलता आलं पाहिजे, म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकाला तिथेच तक्रार नोंदवता यावी, तिचं उत्तरही सगळ्यांना दिसावं. त्यासाठी लाखांचं दालन लागत नाही. शाळेच्या भिंतीवर एक क्यूआर कोड चिकटवला तर हे सगळं आईबापांच्या मोबाइलवर उघडेल. तशी सोय नसेल, तर बोटाने चित्रं सरकवण्यापलीकडे त्या पडद्याशी कसला संवाद होणार?

असा संवाद घडवणारं एक ठिकाण पुण्यात आहे, आयुका या खगोलविज्ञान संशोधन संस्थेच्या आवारातली मुक्तांगण विज्ञान शोधिका. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून ती उभी राहिली. अरविंद गुप्तांनी तिथे दहा-अकरा वर्षं मुलांसोबत काडेपेट्या, स्ट्रॉ, सायकलच्या ट्यूब असल्या टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी केली, त्यांच्या छोट्या छोट्या फिल्म काढल्या आणि मराठीसह अनेक भाषांत त्या सर्वांना फुकट खुल्या केल्या. तिथे प्रदर्शन म्हणजे मुलांनी हाताळायची, मोडायची, पुन्हा जोडायची वस्तू. फिल्मही मुलांना शिकवण्यासाठी आहे. देणगी नीट वापरली गेली का, हे तिथे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. पैसा कंपनीचा नव्हता, पण कंपन्यांनी उचलावी अशी याहून चांगली वाट मला दिसत नाही.

आता मुलांच्या चेहऱ्यांविषयी. चित्रीकरण ठरलं की मुलांनी धुतलेला गणवेश घालून, केस चापूनचोपून यायचं, उन्हात थांबायचं आणि पाठ केलेलं आभाराचं वाक्य कॅमेऱ्यासमोर म्हणायचं, हे थांबलं पाहिजे. शिक्षण हा ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा घटनेने दिलेला हक्क आहे. हक्काच्या वस्तूबद्दल लेकरांना हात जोडायला लावू नये. त्यांचे चेहरे दाखवायचेच तर आईवडिलांना नीट समजावून लेखी संमती घ्यावी, आणि नको म्हणणाऱ्याच्या मुलाला मागच्या बाकावर सरकवू नये. कॅमेऱ्यापुढे मुलाने प्रयोग करावा, चुकावं, शंका विचारावी. तेवढं पुरे.

फिल्म आणि पडद्यांचा खर्च कंपनीने आपल्या जाहिरात खात्यातून करावा. स्वतःच्या मालाच्या प्रसिद्धीसाठी दिलेलं प्रायोजकत्व समाजकार्यात धरता येत नाही, हे २०२१च्या दुरुस्तीने स्पष्टच केलं आहे. त्यामागचा विचार इथेही लागू व्हावा. मुलांच्या वाट्याच्या पैशातून मुलांच्याच फिल्मचा खर्च निघू नये.

ज्या पावसमध्ये तरुणपणी, असहकाराच्या चळवळीच्या काळात, स्वरूपानंदांनी स्वतः स्वावलंबनाश्रम नावाची राष्ट्रीय शिक्षणाची शाळा चालवली होती, त्या गावाला शाळेचा हिशेब विचारायचा अधिकार कुणी नव्याने द्यायला नको. परिसरातल्या शाळांना मदत करणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपली फिल्म येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आणावी. कंपनीचा जबाबदार अधिकारी सोबत असावा. फिल्म संपल्यावर दिवे लावून त्याने पालकांच्या प्रश्नांची उत्तरं द्यावीत आणि ती ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी इतिवृत्तात लिहून घ्यावीत.