पिवळ्या धोत्र्याची ओळख

हिवाळ्यात रस्त्यांच्या कडेला आणि पडीक जमिनीवर पिवळा धोत्रा फुलू लागतो. नावात धोत्रा असला तरी खऱ्या धोत्र्याशी त्याचे नाते नाही. तो अफूच्या कुळातला, मूळचा मेक्सिकोकडचा. काटेरी पाने, त्यांवर पांढुरक्या शिरा आणि देठ मोडताच झरणारा पिवळा चीक, एवढ्या खुणा पुरेशा आहेत. तरीही सुशिक्षितांपैकी कितीजणांना त्या ठाऊक असतात?

हे अज्ञान निरुपद्रवी नाही. या झाडाचे काळे, बारीक बी मोहरीत सहज खपून जाते. त्याच्या तेलातील सँग्विनारिन या विषाने केशवाहिन्या सैलावतात, त्यांतून द्रव पाझरून पायांवर सूज चढते आणि पुढे हृदयही निकामी होऊ शकते. १९९८ साली दिल्लीत अशा भेसळीच्या मोहरीतेलाने ६० हून अधिक माणसे दगावली. शेतातले तण पिकात चुकून मिसळते, हे खरे; परंतु एवढा अनर्थ निव्वळ चुकीने घडतो, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

महाराष्ट्रात मोहरीच्या तेलाचा वापर बेताचा, म्हणून निश्चिंत राहावे काय? फोडणीच्या डब्यात मोहरी असतेच. मोहरीचा दाणा गुळगुळीत, आतून पिवळा. धोत्र्याचे बी खरखरीत, आतून पांढरे. तेलाची रासायनिक परीक्षा हे अन्न निरीक्षकांचे काम आहे, आणि ते त्यांनी चोख केलेच पाहिजे. शाळांतून मात्र जास्वंदीच्या फुलाचे भाग घोटून घेतले जातात. फाटकाबाहेरचे हे काटेरी झुडूप कोणी दाखवीत नाही.